विदर्भातले पतंग आणि त्यांच्या अळ्या: कपाशी, संत्रा, हरभरा, धान यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अळी दिसली की पंप पाठीवर घ्यायचा, ही आपल्याकडची जुनी सवय. गुलाबी बोंडअळीच्या बाबतीत तीच सवय घात करते, कारण ती डोळ्यांना दिसते तेव्हा बोंडाच्या आत सुरक्षित बसलेली असते. तिला गाठायचं तर तिच्या आधीची अवस्था, म्हणजे रात्री उडणारा पतंग, ओळखता आणि मोजता यायला हवा. म्हणून या पानावर कपाशीला सर्वांत जास्त जागा दिली आहे. बाकीची पिकं त्यानंतर येतात.

पतंग पीक खात नाही असं म्हणतात. मग नुकसान कोण करतं?

नुकसान त्याची अळी करते. अंडी, अळी, कोष, पतंग अशा चार अवस्थांपैकी पानं, शेंगा, बोंडं चावायला लागणारे जबडे फक्त अळीला असतात. पतंगाला सोंड असते. तिने तो फुलातला मध किंवा दव पितो, आणि काही जातींचे पतंग तर काहीच खात नाहीत. पतंगाचं काम जोडीदार शोधणं आणि अंडी घालणं एवढंच. या नियमाला विदर्भात एक मोठा अपवाद आहे, तो म्हणजे संत्र्याचा रस शोषणारा पतंग. त्याच्याबद्दल पुढे सांगितलं आहे.

फुलपाखरू आणि पतंग यांत फरक कसा करायचा?

मिशा पाहा. फुलपाखराच्या मिशीच्या टोकाला गाठ असते. पतंगाची मिशी दोऱ्यासारखी किंवा पिसासारखी असते. पतंग बहुधा रात्री उडतो आणि बसताना पंख अंगावर कौलासारखे उतरते ठेवतो. जगात फुलपाखरांच्या साधारण १८ हजार जाती आहेत, तर पतंगांच्या दीड लाखाच्या वर. पिकांवरच्या बहुतेक अळ्या पतंगांच्याच असतात.

गुलाबी बोंडअळीचा पतंग नेमका कसा दिसतो?

लहान आणि राखाडी-तपकिरी. लांबी जेमतेम ८ ते ९ मिलिमीटर, पुढच्या पंखांवर काळसर पट्टे आणि मागच्या पंखांना झालर. दिवसा तो जमिनीच्या भेगांत किंवा पाचोळ्यात लपतो, म्हणून वावरात फिरताना सहसा दिसत नाही. याचं शास्त्रीय नाव पेक्टिनोफोरा गॉसिपिएला. १८४२ मध्ये गुजरातेतल्या भडोच इथल्या कपाशीवर मिळालेल्या नमुन्यांवरून डब्ल्यू. डब्ल्यू. साँडर्स यांनी १८४३ मध्ये त्याचं पहिलं वर्णन केलं.

बोंडात पांढरी अळी निघाली. ती गुलाबी बोंडअळी नाही ना?

तीच असण्याची शक्यता मोठी आहे. लहानपणी ही अळी पांढरट असते आणि डोकं काळपट तपकिरी असतं. गुलाबी रंग पुढे, वाढीच्या शेवटच्या अवस्थांत येतो. ‘पांढरी आहे, काही नाही’ म्हणून बोंड फेकून देतात आणि मोजणी चुकते. हिरवी, म्हणजे अमेरिकन, बोंडअळी वेगळी ओळखू येते. ती बोंडाला मोठं गोल भोक पाडते, अर्धं अंग बाहेर ठेवून खाते आणि भोकाजवळ विष्ठा दिसते. गुलाबी अळी आत असेपर्यंत बोंडावर बाहेरून काहीच दिसत नाही.

फवारा मारूनही गुलाबी बोंडअळी का मरत नाही?

याचं उत्तर तिच्या दिवसांच्या हिशोबात आहे. मादी पात्यांवर (फुलांच्या कोवळ्या कळ्यांवर), फुलांवर आणि पुढे हिरव्या बोंडांच्या देठाजवळ, पाकळ्यांखाली, एकेकटी किंवा थोडीथोडी अंडी घालते. एक मादी शंभर ते दोनशेच्या घरात अंडी देते. ३ ते ६ दिवसांत अंडं फुटतं. बाहेर आलेली अळी तास-दोन तासांत बोंड पोखरून आत शिरते आणि बोंड वाढलं की तिचं प्रवेशाचं भोक बुजून जातं. औषध अळीच्या अंगाला लागण्याची वेळ एवढीच. त्यानंतर दोन आठवडे, थंडीत त्याहून जास्त, ती आत सरकी खाते. मग १.५ ते २ मिलिमीटरचं गोल भोक पाडून बाहेर पडते आणि पाचोळ्यात किंवा मातीत कोष करते. आठवडा-दहा दिवसांनी पतंग. पूर्ण फेरा साधारण २५ ते ४० दिवसांचा.

म्हणजे ऑगस्टच्या मध्यावर आलेल्या पहिल्या पतंगांची पिल्लावळ सप्टेंबरच्या शेवटी उडते, तिची नोव्हेंबरमध्ये. पिढीगणिक संख्या वाढते. वेचणी सुरू झाल्यावर जे नुकसान दिसतं त्याची सुरुवात पात्या लागताना झालेली असते. फवारणी पहिल्या-दुसऱ्या पिढीच्या पतंगांवर आणि अंड्यांवर झाली तर उपयोगी पडते. बोंडं पोखरल्यावर मारलेलं महागडं औषध बोंडाच्या सालीवरच राहतं.

डोमकळी म्हणजे काय, आणि तिचं काय करायचं?

पहिल्या पिढीची अळी फुलात असताना आतून धागे विणून पाकळ्या एकमेकींना चिकटवते. फूल नीट उमलत नाही, गुलाबाच्या मिटल्या कळीसारखं दिसतं. तीच डोमकळी. आत हमखास अळी सापडते. फुलोरा सुरू झाल्यावर दर आठवड्याला ओळीओळीने फिरून अशी फुलं तोडायची, पिशवीत गोळा करायची आणि जाळायची किंवा खोल पुरायची. तोडून तिथेच सरीत टाकली तर अळी बाहेर येऊन मातीत कोष करते आणि मेहनत वाया जाते. हे काम बायामाणसांकडून निंदणीसोबत होतं, खर्च मजुरीचा. सुरुवातीच्या महिन्यात याच्या तोडीचा उपाय नाही, तरी सगळ्यांत कमी लोक हाच करतात.

कामगंध सापळा काम कसा करतो?

मादी पतंग रात्री एक गंध सोडते आणि नर त्या गंधाच्या मागावर येतो. अशा गंधाचं रासायनिक रूप सर्वप्रथम १९५९ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ अॅडॉल्फ बुटेनांट यांच्या गटाने रेशमाच्या पतंगातून वेगळं काढलं. त्यासाठी सुमारे ५ लाख माद्या लागल्या होत्या. गुलाबी बोंडअळीचा गंध १९७३ मध्ये ओळखला गेला. तो दोन जवळच्या संयुगांचं जवळपास समसमान मिश्रण आहे आणि त्याला गॉसिप्ल्युअर म्हणतात. सापळ्यातल्या रबराच्या गोळीत, म्हणजे ल्युअरमध्ये, तो भरलेला असतो. नर मादी समजून येतो आणि नरसाळ्यातून खालच्या पिशवीत पडतो.

गंध जातीगणिक वेगळा असतो. घाटेअळीसाठीचं, म्हणजे हिरव्या बोंडअळीसाठीचं, हेलिल्युअर कपाशीत लावलं तर गुलाबी बोंडअळीचा एकही पतंग येणार नाही. कृषी केंद्रात ‘बोंडअळीची गोळी द्या’ एवढंच म्हटलं की चुकीची गोळी हाती पडू शकते. पाकिटावर पेक्टिनोल्युअर किंवा गॉसिप्ल्युअर आणि मुदतीची तारीख दोन्ही वाचा.

सापळे किती, कधी आणि कसे लावायचे?

पेरणीनंतर ४० ते ४५ दिवसांनी, पात्या दिसायला लागल्या की. नुसतं लक्ष ठेवायला एकरी २ सापळे पुरतात. पतंग गोळा करून मारायचे असतील तर एकरी निदान ८. एकच नर अनेक माद्यांशी जुळू शकतो, म्हणून दोन-तीन सापळ्यांनी अळी कमी होईल अशी आशा धरू नका. थोडे सापळे फक्त बातमी देतात.

काठी पक्की रोवा. सापळ्याचं तोंड पिकाच्या शेंड्यापेक्षा अर्धा ते एक फूट वर असू द्या आणि पऱ्हाटी, म्हणजे कपाशीचं झाड, वाढेल तसा सापळा वर सरकवा. सप्टेंबरमध्ये सापळा पानांच्या आत बुडालेला दिसतो, तेव्हा गंध पसरत नाही. पिशवीचं खालचं तोंड रबराने किंवा सुतळीने बांधा. ते उघडं राहिलं तर पतंग खालून निघून जातात. गोळीला औषधाचा, तंबाखूचा हात लावू नका. जादा गोळ्या मूळ पाकिटात बंद करून थंड जागी, शक्यतो फ्रिजमध्ये ठेवा. पाकिटावर लिहिलेल्या मुदतीत, साधारण तीन आठवड्यांनी, गोळी बदला. जुनी गोळी वावरात टाकू नका, तिचा उरलेला गंध नवीन सापळ्याला भुलवतो.

दर दोन-तीन दिवसांनी पतंग मोजा, वहीत तारखेसह लिहा आणि पिशवी रिकामी करा. मेलेले पतंग साचले की किती नवीन आले ते कळत नाही.

किती पतंग आले म्हणजे फवारायचं?

तीनपैकी कोणतीही एक खूण पुरे: प्रत्येक सापळ्यात सलग तीन रात्री सरासरी ८ किंवा जास्त पतंग, शंभर फुलांत १० डोमकळ्या, किंवा २० हिरव्या बोंडांपैकी २ बोंडांत जिवंत अळी.

बोंडं फोडायची तर एकरात वेड्यावाकड्या वाटेने फिरून २० झाडांवरून प्रत्येकी एक बोंड घ्या. १५ ते २० दिवसांचं, बोटांनी दाबता येईल असं बोंड निवडा, कारण मादीलाही तेच आवडतं. धुऱ्यालगतची चार झाडं पाहून निर्णय घेऊ नका. बोंड चिरल्यावर आतल्या पडद्याला भोक, कुरतडलेली सरकी किंवा पिवळट पडलेली रुई दिसते का ते पाहा. अळी बारीक असते, उजेडात धरा.

सापळ्यात पतंग भरपूर, पण बोंडं स्वच्छ. असं का?

कामगंध सापळा हवेतला पतंग मोजतो, तो शेजारच्या वावरातलाही असू शकतो. जिनिंग कारखान्याजवळ किंवा पऱ्हाट्यांचे ढीग असलेल्या गावात हे नेहमी दिसतं. उलटही होतं: पतंग कमी आणि बोंडं किडलेली. बहुधा गोळी जुनी झालेली असते. सापळा आणि बोंड दोन्ही पाहा, मतभेद झाला तर बोंडावर विश्वास ठेवा.

कोणतं औषध, कोणत्या वेळी?

पहिले ६० दिवस रासायनिक फवारणी शक्यतो टाळा. त्या काळात ढालकिडे, क्रायसोपा, कोळी हे मित्र वाढत असतात आणि अंडी खातात. तेव्हा ५ टक्के निंबोळी अर्क वापरा. ५ किलो निंबोळीची भरड कापडात सैल बांधून १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी पुरचुंडी पिळत राहा, अर्क गाळा, त्यात २०० ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवा आणि पाणी घालून १०० लिटर करा. त्याच दिवशी, ऊन उतरल्यावर फवारा. शिळा अर्क आंबतो आणि नोझल बुजवतो. नवीन पावसाळ्यात वेचलेल्या, सावलीत वाळवलेल्या निंबोळ्याच घ्या. बुरशी आलेल्या काळ्या निंबोळीत दम नसतो.

वरच्या तीन खुणांपैकी एक दिसली, म्हणजे आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली, की १० लिटर पाण्यात इमामेक्टिन बेंझोएट ५ एसजी ५ ग्रॅम, किंवा थायोडीकार्ब ७५ डब्ल्यूपी २० ग्रॅम, किंवा इंडोक्झाकार्ब १४.५ एससी १० मिलिलिटर यांपैकी एक. या मात्रा साध्या हातपंपासाठी आहेत, लेबलावर वेगळं लिहिलं असेल तर लेबल पाळा. दोन फवारण्या लागल्या तर दुसऱ्या वेळी वेगळ्या गटातलं औषध घ्या. सायपरमेथ्रीन, फेनव्हलरेट यांसारखी पायरेथ्रॉइड औषधं नोव्हेंबरच्या आधी वापरू नका, त्यांनी पांढरी माशी उसळते. आणि दुकानदाराने दिलेली तीन औषधं एका पंपात कालवू नका. ज्याने अळी मरते ते औषध त्यात एखादंच असतं, बाकीचं विष फवारणाऱ्याच्या अंगावर येतं.

बीटी कपाशीत बोंडअळी येणारच नाही असं सांगितलं होतं. मग काय झालं?

२००२ मध्ये भारतात आलेल्या पहिल्या बीटी कपाशीत, म्हणजे जिवाणूचा जनुक घातल्याने स्वतःच अळीचं विष तयार करणाऱ्या कपाशीत, क्राय१एसी हे एक विष होतं. २००६ मध्ये दुसरं, क्राय२एबी, जोडलं गेलं. हिरव्या आणि ठिपक्याच्या बोंडअळीवर ही कपाशी आजही काम करते. गुलाबी अळी मात्र निसटली. पहिल्या विषाला ती दाद देत नाही हे गुजरातच्या अमरेली भागातल्या नमुन्यांवरून समोर आलं, दुसऱ्याचाही धाक पुढे गेला आणि २०१७ च्या हंगामात विदर्भासह महाराष्ट्रभर बोंडं सडली.

विष अळीच्या आतड्यातल्या कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाला चिकटून काम करतं. हे प्रथिन बदललेल्या अळ्या विष खाऊनही जगतात. अशा अळ्या निसर्गात फार थोड्या असतात. त्यांची वीण वाढू नये म्हणून बिगर-बीटी कपाशीच्या कडेच्या ओळी लावायच्या होत्या: तिथे वाढलेले साधे पतंग प्रतिकारक पतंगांशी जुळले की पिल्लं पुन्हा साधी. तो १२० ग्रॅमचा वेगळा पुडा बहुतेकांनी पेरलाच नाही. आता तेच बी पाकिटात मिसळून येतं.

आणखी दोन कारणं कमी बोलली जातात. आपण संकरित वाण लावतो. संकरित झाडावर लागलेल्या बोंडातल्या सरक्यांमध्ये विषाचा जनुक विभागला जातो, त्यामुळे काही सरकी विषारी तर काही बिनविषाची असते. सरकी खाणाऱ्या अळीला जगत जगत सवय करून घ्यायला याहून सोयीची जागा नाही. आणि गुलाबी अळीचं पोट मुख्यतः कपाशीवरच भरतं. हिरवी अळी तुरीवर, हरभऱ्यावर, टोमॅटोवरही जाते, तिथे विष नसल्याने साधे पतंग तयार होत राहतात. गुलाबी अळीची सगळी पिढी बीटीवरच पोसली गेली.

अमेरिकेतून ही अळी नाहीशी झाली हे खरं आहे का?

हो. ऑक्टोबर २०१८ मध्ये अमेरिकेच्या कृषी विभागाने तिथल्या कपाशीच्या पट्ट्यातून ती संपल्याचं जाहीर केलं. बीटी कपाशी, किरणांनी नपुंसक केलेले पतंग विमानातून सोडणं, कामगंध आणि हंगाम संपताच पिकाचे अवशेष नष्ट करणं, हे सगळं एकाच वेळी, सगळ्या वावरांत झालं. आपल्याकडे नपुंसक पतंगांचा कारखाना नाही. पण ‘सगळ्या वावरांत एकाच वेळी’ हा भाग एका गावाला जमण्यासारखा आहे.

फरदड घेतली तर शेजाऱ्याचं काय बिघडतं?

डिसेंबरनंतर पाणी देऊन पऱ्हाटी उभी ठेवली, म्हणजेच फरदड घेतली, की अळीला उपवास पडत नाही. दिवस लहान आणि रात्री थंड झाल्या की पूर्ण वाढलेली अळी दोन सरक्या एकमेकींना चिकटवून त्यांच्या आत झोपी जाते. महिनोन् महिने ती तशी राहू शकते आणि पाऊस पडल्यावर पतंग होऊन उडते. फरदडीतल्या दोन-तीन क्विंटल कवडी (किडक्या, डागाळलेल्या) कापसासाठी पुढच्या हंगामाचं बेणं राखलं जातं. ते शेजाऱ्याच्याच काय, तुमच्याच नव्या पात्यांवर येतं.

डिसेंबरअखेर, फार तर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात वेचणी संपवा. उरलेली किडकी बोंडं गुरंमेंढ्यांना चारा, मग पऱ्हाटी मुळासकट उपटा किंवा रोटाव्हेटरने बारीक करा. सरपणासाठी लागत असेल तर आधी झोडून बोंडं वेगळी काढून जाळा. बोंडांसकट ढीग धुऱ्यावर रचून ठेवला तर त्यातूनच जून-जुलैमध्ये पतंग निघतात. नांगरट खोल करा, मार्च-एप्रिलचं ऊन कोषांना मारतं. कवडी कापूस चांगल्या कापसात मिसळून घरात साठवू नका.

मे महिन्यात ओलिताखाली पेरणी केली तर पीक लवकर निघतं. मग ती नको का म्हणतात?

पाऊस पडल्यावर झोपलेल्या अळ्यांचे पतंग जून-जुलैमध्ये निघतात. तेव्हा वावरात पात्या नसतील तर अंडी घालायला जागा मिळत नाही आणि ती पिढी वांझ जाते. मे महिन्यात ओलिताखाली पेरलेल्या कपाशीला नेमक्या त्याच वेळी पात्या असतात. एका गावातल्या चार लवकरच्या वावरांवर पहिली पिढी पोसली जाते आणि दुसरी सगळ्या शिवारात पसरते. जूनमध्ये, पुरेसा पाऊस झाल्यावर, कमी दिवसांचा वाण पेरा.

अमावस्येला पतंग अंडी घालतात, तेव्हा फवारावं का?

तिथी पाहून फवारू नका. चांदण्या रात्री प्रकाश सापळ्यात पतंग कमी येतात हे खरं, पण वावरातली संख्या तेवढीच असू शकते. पेरणीची तारीख, वाण आणि पाऊस यांवर पतंगांची लाट ठरते, ती शेजारच्या दोन गावांतही वेगळी असते.

पतंग दिव्याकडे येतात तरी का?

२०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वेगवान कॅमेऱ्यांनी दिव्याभोवतीचे कीटक टिपले. उडणारे कीटक पाठ उजेडाकडे ठेवतात, कारण रात्री आकाश जमिनीपेक्षा उजळ असतं. दिवा बाजूला असला की पाठ तिकडे वळते, तोल कलतो आणि ते घिरट्यांत अडकतात.

याचा उपयोग प्रकाश सापळ्यात होतो. संध्याकाळी ७ ते १० एवढाच वेळ लावा, खाली साबणाच्या पाण्याचं घमेलं ठेवा. रात्रभर लावला तर मित्रकीटकही मरतात.

गंधाच्या दोऱ्या बांधतात त्या काय आहेत?

त्यांतून मादीचा गंध सगळ्या वावरात भरतो, नराला खरी मादी सापडत नाही आणि अंडी फळत नाहीत. एकरी साधारण १६० दोऱ्या पात्या लागताना शेंड्याजवळच्या फांद्यांना बांधतात. दोन एकरांच्या एकट्या तुकड्यात पैसे घालू नका. शेजारच्या वावरातून आधीच जुळलेली मादी उडून येते आणि अंडी घालते. लागून असलेले सगळे शेतकरी तयार असतील तरच.

ट्रायकोकार्डचा फायदा होतो का?

होतो, वेळ साधली तर. कार्डावर तांदळाच्या पतंगाची अंडी चिकटवलेली असतात आणि त्यांच्या आत बारीक परोपजीवी माशी वाढत असते. ती बाहेर येऊन बोंडअळीच्या अंड्यांत आपली अंडी घालते. गुलाबी अळीसाठी ट्रायकोग्रामाटॉइडिया बॅक्ट्री ही जात मागा. एकरी ६० हजार अंड्यांचा हिशोब, म्हणजे साधारण ३ कार्डं. पट्ट्या कापून संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूला टाचा. आधी-नंतर आठ-दहा दिवस रासायनिक फवारणी नको. दुकानात उन्हात पडलेलं, माश्या निघून गेलेलं कार्ड घेऊ नका.

आंबिया बहाराची संत्री पिकायला आली की गळतात, फळावर टाचणीएवढं भोक. फळमाशी आहे का?

फळ दाबून आणि कापून पाहा. दाबल्यावर भोकातून रस उडाला आणि आत अळी नसली तर रसशोषक पतंग. आत पांढऱ्या, पाय नसलेल्या अळ्या असल्या तर फळमाशी. दोघांचे उपाय वेगळे.

रसशोषक पतंग मोठा, मागचे पंख नारिंगी-पिवळे त्यावर काळा डाग. त्याची सोंड टणक आणि टोकाला काटेरी असते. सूर्यास्तानंतर तो साल भोसकून रस पितो, भोकातून बुरशी शिरते, भोवती तपकिरी वर्तुळ पडतं आणि फळ गळतं. काटोल, नरखेड, वरुड, मोर्शी भागात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये याचा त्रास वाढतो.

त्याची अळी संत्र्यावर नसते. ती गुळवेल, वासनवेल अशा वेलींवर वाढते. म्हणून बागेत फवारून अळी मारता येत नाही. बागेच्या कुंपणावरच्या आणि लगतच्या नाल्याकाठच्या या वेली काढा. गुळवेल औषधी आहे, लांबची राहू द्या. गळलेली फळं रोज उचलून खोल पुरा, आंबूस वास पतंगांना बोलावतो. संध्याकाळी अंधार पडताना बागेत ओल्या पाल्याचा धूर करा. आमिष करायचं तर २ लिटर पाण्यात २०० ग्रॅम गूळ, थोडा संत्र्याचा रस आणि २० मिलिलिटर मॅलॅथिऑन ५० ईसी मिसळून पसरट भांड्यांत झाडांना टांगा. लेकरं आणि जनावरं पोचणार नाहीत इतक्या उंचीवर.

हरभऱ्यातल्या घाटेअळीला विषाणूचं औषध मारलं, चार दिवस काहीच झालं नाही. नकली होतं का?

घाई करू नका. एचएएनपीव्ही हा विषाणू अळीने खाल्ल्यावर तिच्या आत वाढतो, मरायला पाच-सात दिवस लागतात. मेलेली अळी शेंड्यावर उलटी लटकते, काळी पडते आणि तिच्यातून निघणारं पाणी इतर अळ्यांना आजारी करतं. अळी लहान असतानाच फवारा, बोटाएवढी झाल्यावर उपयोग थोडा. एकरी २०० एलई (विषाणूच्या मात्रेचं माप). उन्हाने विषाणू मरतो, म्हणून संध्याकाळीच, आणि पाण्यात थोडी कपड्याची नीळ घाला. फवारणीची वेळ एक मीटर ओळीत १ ते २ अळ्या दिसल्यावर. एकरी २० पक्षीथांबे रोवले किंवा बियाण्यासोबत थोडी ज्वारी पेरली तर चिमण्या, साळुंक्या बरंच काम करतात.

सोयाबीन, मका, धान यांतल्या अळ्या?

सोयाबीनवरच्या तंबाखूची पानं खाणाऱ्या अळीची मादी पतंग पुंजक्याने अंडी घालते. जाळीदार झालेलं पान पिल्लांसकट तोडून नष्ट करणं सर्वांत स्वस्त. २००८ मध्ये तिने विदर्भात सोयाबीन फस्त केल्यानंतर राज्यात क्रॉपसॅप हा कीड सर्वेक्षणाचा प्रकल्प उभा राहिला. मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी भारतात पहिल्यांदा २०१८ मध्ये कर्नाटकात सापडली. तिच्या डोक्यावर उलटा ‘वाय’ आणि शेपटाकडे चौकोनात चार ठिपके असतात. फवारा पोंग्यात जाईल असा मारा. धानाचा पिवळा खोडकिडा भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर पट्ट्यात. त्याची अंडी पानांच्या शेंड्यावर असतात, म्हणून रोवणीआधी रोपांचे शेंडे खुडून नष्ट करा. नाहीतर पुढे गाभा सुकतो, आणि लोंबी पांढरी, पोकळ निघते.

कोठीतल्या ज्वारी-गव्हात पतंग उडतात. फिनाईल टाकावं का?

धान्यात कोणतंही विष टाकू नका. धान्य कडक उन्हात, दाताखाली कट्‌ आवाज येईपर्यंत वाळवा, थंड होऊ द्या, मग हवाबंद कोठीत किंवा जाड पिशवीत तोंडापर्यंत भरा. जुनं उरलेलं धान्य नव्यात मिसळू नका, कीड तिथूनच येते.

सगळे पतंग मारायचेच का?

नाही. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाच्या जंगलात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसर रेशमाच्या अळ्या पाळतात. त्या अँथेरिया मायलिटा या पतंगाच्या. पंखावर डोळ्यांसारखी वर्तुळं असलेला हा मोठा पतंग खातच नाही, अळीपणी साठवलेल्या चरबीवर थोडे दिवस जगतो. टसरच्या झाडांजवळच्या धानावर वारा तिकडे असताना फवारू नका. रात्री फुलणाऱ्या अनेक रानफुलांचं परागीभवनही पतंग करतात.

फवारताना चक्कर, मळमळ, डोळ्यांत पाणी आलं तर?

ताबडतोब थांबा, वावराबाहेर या, कपडे काढा, साबणाने अंग धुवा आणि औषधाचा डबा किंवा लेबल घेऊन थेट दवाखाना गाठा. काही औषधांवर अ‍ॅट्रोपिनसारखा उतारा आहे, पण डॉक्टरला विषाचं नाव कळलं तरच वेळ वाचतो. मीठपाणी पाजून ओकारी काढू नका. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास माणसं गेली. डोक्याइतक्या वाढलेल्या कपाशीत तोंडाकडे येणारा बारीक तुषार, मिसळलेली औषधं आणि उघडं अंग हे त्यात एकत्र आलं होतं. मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, वारा पाठीकडून येईल असे राहा, मागे सरकत फवारा. उपाशीपोटी फवारू नका, आणि नोझल तोंडाने फुंकून साफ करू नका.

अळी ओळखता येत नाही. कुणाला आणि कशी दाखवायची?

तालुका कृषी अधिकारी, जिल्ह्याचं कृषी विज्ञान केंद्र, अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ किंवा नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था. जिवंत अळी बारीक भोकं पाडलेल्या डबीत, ज्या पिकावर सापडली त्याच्या तुकड्यासह न्या. बंद पॉलिथिनमध्ये ती घामेजून सडते. एका डबीत एकच अळी ठेवा, घाटेअळ्या एकमेकींना खातात. पतंग असेल तर कागदाच्या घडीत ठेवा, बोटांनी चोळू नका, पंखांवरची पूड गेली की जात ओळखता येत नाही. डबीवर पीक, वाण, पेरणीची तारीख, गाव आणि शेवटची फवारणी कोणती व कधी केली ते लिहा.